समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलने आईची शुगर उतरेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आई अठ्ठावन्न वर्षांच्या, बरीच वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.२, उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २४०. पुण्याच्या मामांनी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली आणि सांगितलं, ‘नैसर्गिक आहे, गोळ्या हळूहळू सुटतील.’ धाकट्या भावाचं म्हणणं वेगळंच: मोहोळच्या शेतात डाळिंबावर आपण जे सीवीड मारतो तेच तर हे, मग विकत कशाला घ्यायचं?

भावापासून सुरुवात करतो, कारण खरा धोका तिथे आहे. फवारणीच्या सीवीडचं ते कॅन घरात औषधांच्या कपाटाजवळसुद्धा ठेवू नका. आपल्या सोलापूर जिल्ह्यात डाळिंब आणि द्राक्षवाल्यांना सीवीड हा शब्द डॉक्टरांपेक्षा आधी माहीत झाला, त्यामुळे असा विचार कुणाच्याही मनात येईल. त्यातलं शेवाळ पुष्कळदा अ‍ॅस्कोफायलम नोडोसम नावाचं, थंड समुद्रातलं, तपकिरी रंगाचं असतं. मधुमेहावरच्या काही कॅप्सूलमध्येही हीच जात असते, त्यामुळे भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाही. पण फवारणीचा अर्क बहुतेक वेळा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीत शेवाळ शिजवून काढतात. तो टिकावा म्हणून त्यात काय घातलंय, शेवाळाने समुद्रातून किती आर्सेनिक वा कॅडमियम ओढलंय, हे माणसाच्या पोटाच्या हिशेबाने कुणी तपासलेलं नसतं. ते खत आहे. मधुमेहात मूत्रपिंड थोडं थकलेलं असेल तर त्यातलं पोटॅशियमच त्रास द्यायला पुरेसं आहे. चमचाभरही नको.

आता मामांच्या बाटलीकडे.

समुद्री शेवाळ म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात, पण ते पोटात गेलेलं नाही असा माणूस सोलापुरातही सापडणार नाही. उन्हाळ्यात पुडिंग घट्ट करायला जो चायना ग्रास आणतात, तो लाल समुद्री शेवाळाचाच. आइस्क्रीममधलं कॅरागीनन तिकडचंच. दाताच्या डॉक्टरांनी कवळीचं माप घ्यायला तोंडात जो गुळगुळीत लगदा भरला होता ना, तो अल्जिनेट, म्हणजे तपकिरी शेवाळातून काढलेला पदार्थ. अ‍ॅसिडिटीच्या काही सिरपमध्येही तो असतो. सांगायचं हे की हे काही परग्रहावरचं औषध नाही. तमिळनाडूत मन्नारच्या आखाताच्या किनाऱ्यावर बायका पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात उतरून शेवाळ गोळा करत आल्यात.

ते साखरेवर काम करतं कसं, हे समजून घेतलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. दोन वाटा आहेत आणि दोन्ही आतड्यातच संपतात. पहिली तंतूंची. अल्जिनेटसारखे विरघळणारे तंतू पोटात पाणी धरून लगदा करतात, इसबगोल पेल्यात फुगतो तसे. त्या लगद्यात अडकलेलं अन्न पुढे सावकाश सरकतं आणि ग्लुकोज रक्तात एकदम न येता टप्प्याटप्प्याने येतं. दुसरी वाट एन्झाइमची. तपकिरी शेवाळातले फ्लोरोटॅनिन नावाचे पॉलिफेनॉल हे अल्फा अमायलेज आणि अल्फा ग्लुकोसिडेज या एन्झाइमना आडवे येतात. पिष्ट फोडून त्याची साखर करायचं काम हीच एन्झाइम करतात. ती मंदावली की भाकरी-भात पचायला वेळ लागतो.

हे ऐकून कुणाला व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आठवलं तर बरोबर आठवलं. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या या गोळ्या नेमकं हेच करतात, फक्त मोजलेल्या मात्रेत. ‘नैसर्गिक’ या शब्दाला भुलणाऱ्यांसाठी सांगतो, अकार्बोज मातीतल्या सूक्ष्मजंतूंपासून मिळालं आणि मेटफॉर्मिनचा उगमही गॅलेगा नावाच्या वनस्पतीकडे जातो. गोळी झाली म्हणून वनस्पती नाहीशी होत नाही. तिची मात्रा ठरते, इतकंच.

माणसांवर काय दिसलं? प्रयोगशाळेत आणि उंदरांवर शेवाळाचे निकाल झकास आहेत. माणसांपर्यंत येईस्तोवर झळाळी उतरते. २००८ मध्ये कोरियात टाइप २ मधुमेहाच्या वीस रुग्णांवर प्रयोग झाला. ज्यांना शेवाळ दिलं त्यांनी चार आठवडे दोन प्रकारच्या वाळवलेल्या शेवाळाची पूड खाल्ली, रोज ४८ ग्रॅम. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही साखर उतरली. वाचायला छान वाटतं. पण ४८ ग्रॅम म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या जवळजवळ शंभर कॅप्सूल, रोज. मामांच्या बाटलीवर लिहिलं असेल दिवसाला दोन. २०११ मध्ये कॅनडात निरोगी माणसांना पावाच्या अर्धा तास आधी ५०० मिलिग्रॅम अर्काची कॅप्सूल दिली. इन्सुलिनचा प्रतिसाद थोडा कमी लागला, पण रक्तातल्या साखरेत लक्षणीय फरक पडला नाही. २०१८ च्या एका चाचणीत फ्युकस नावाच्या तपकिरी शेवाळाच्या अर्काचा डोस २००० मिलिग्रॅमपर्यंत नेला, तरी जेवणानंतरची साखर हलली नाही. उलट १९९१ मध्ये मधुमेही पुरुषांना जेवणात पाच ग्रॅम सोडियम अल्जिनेट दिलं तेव्हा साखरेची उसळी बऱ्यापैकी दबली होती.

या सगळ्यावरून माझं मत असं झालंय की जिथे परिणाम दिसतो तिथे तो बराचसा तंतूंच्या वजनाचा असतो. ग्रॅमांत खाल्लं तर काहीतरी होतं, मिलिग्रॅमांत खाल्लं तर फारसं नाही. आणि ग्रॅमांत तंतू खायचे तर त्यासाठी समुद्रापर्यंत जायची गरज नाही, त्याकडे येतोच.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, समुद्री शेवाळापासून मधुमेहासाठी अर्क तयार केलाय, कॅडलमिन या नावाने. सरकारी संस्थेचं काम आहे, त्याला मी भोंदूगिरी म्हणणार नाही. पण तोही पूरक म्हणूनच आहे, चालू गोळ्यांच्या जागी नव्हे.

आता आईंचे आकडे समोर ठेवून बोलू. उपाशीपोटी १६८ हा आकडा मला २४० पेक्षा जास्त खटकतो. रात्री नऊला जेवून सकाळी सातला रक्त दिलं, तर त्या वेळी आतड्यात पचायला काही उरलेलं नसतं. मग ही साखर आली कुठून? यकृतातून. रात्रभर यकृत साखर बनवून रक्तात सोडत असतं, आणि इन्सुलिनचा वचक कमी झाला की जरा जास्तच सोडतं. मेटफॉर्मिन मुख्यतः तिथेच काम करतं. शेवाळाची कॅप्सूल जेवणाच्या घासाशी झुंजणार, यकृताला तिचा पत्ताही लागणार नाही. तेव्हा मेटफॉर्मिन कमी करून शेवाळ वाढवलं तर सकाळचा आकडा चढणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. गोळ्या ‘हळूहळू सुटतील’ हे मामांचं वाक्य मनातून काढून टाका. वजन उतरलं, चालणं वाढलं, जेवण सुधारलं की काहींच्या गोळ्या खरोखर कमी होतात, मी स्वतः करतो. पण आकडे आधी खाली येतात, गोळी मागून कमी होते. हा क्रम उलटा करणारे लोक मग पायाची जखम घेऊन येतात.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची: आईंना थायरॉईडचा काही त्रास आहे का?

समुद्री शेवाळ म्हणजे आयोडीनचं कोठार. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम. आपल्या आयोडीनयुक्त मिठात घरी येईपर्यंत ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं. सोलापुरी शेंगाचटणी, ठेचा, लोणचं धरून दिवसाचं आठ-दहा ग्रॅम मीठ आपण सहज खातो (खाऊ नये, पण खातो), म्हणजे आयोडीनचा कोटा घरच्या घरीच भरला. यात कोम्बूसारखं तपकिरी शेवाळ आणा. त्याच्या एका ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आयोडीन असू शकतं. अमेरिकेत मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा ११०० धरतात, युरोपात त्याहून कमी, ६००. सुशीभोवती गुंडाळतात त्या नोरीत मात्र आयोडीन कितीतरी कमी असतं. म्हणजे बाटलीवर नुसतं ‘सीवीड’ लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. कोणतं शेवाळ आणि आयोडीन किती, हे दोन्ही छापलेलं नसेल तर ती बाटली उघडू नका.

हे पुस्तकी नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी वजन उतरावं म्हणून केल्प नावाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. केल्प म्हणजे हेच तपकिरी शेवाळ. वजन उतरू लागलं तशा त्या खुशीत होत्या. मग छातीत धडधड, हात कापणं, रात्री झोप नाही. टेबलावर दोन्ही हात पसरायला सांगून बोटांवर कागद ठेवला तर कागद थरथरत होता. गळ्याला जुनी गाठ होती, कधी त्रास दिला नव्हता म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, जवळपास शून्याला टेकलेला; थायरॉईड जोरात चालू असल्याची ती खूण. जादा आयोडीन मिळालं की अशा गाठी स्वतःच्या मर्जीने हार्मोन ओतू लागतात. आणि गंमत बघा, थायरॉईड असं भडकलं की रक्तातली साखरही चढते. त्यांचा एचबीए१सी आधीपेक्षा वाढलेला होता. काहींना उलटं होतं, थायरॉईड मंदावतं, विशेषतः ज्यांना आधीपासून हाशिमोटोचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटण्याचा, त्रास आहे त्यांना. मधुमेह आणि थायरॉईड एकाच घरात, एकाच माणसात नांदताना आम्हाला नेहमी दिसतात, म्हणून हा मुद्दा इतका ताणला.

बाकीच्या सावधगिऱ्या पटकन सांगतो. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, खास करून वॉरफरिन, तर शेवाळ नको. त्यातलं व्हिटॅमिन के रक्त गोठण्याकडे आणि फ्युकोइडान नावाची शर्करा रक्त पातळ होण्याकडे, असे हे दोघं दोन बाजूंना ओढतात. मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर नको. घरात कुणी गरोदर असेल तर तिने नक्कीच नको. हिजिकी नावाचं काळं शेवाळ ऑनलाइन मिळतं, त्यात अकार्बनी, म्हणजे जास्त विषारी प्रकारचं, आर्सेनिक सापडतं आणि ब्रिटनच्या अन्न विभागाने ते खाऊ नका असं फार पूर्वीच सांगून ठेवलंय. थायरॉईडची सकाळची गोळी चालू असेल तर कुठलाही तंतूंचा पदार्थ तिच्याबरोबर घेऊ नये, गोळी नीट शोषली जात नाही.

एक मात्र नीट ऐका, कारण ग्लिमेपिराइड चालू आहे. ही गोळी जेवण होवो न होवो, इन्सुलिन बाहेर काढत राहते. तिच्या जोडीला पचन मंदावणारं काही घेतलं आणि जेवणही कमी झालं, तर साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड. अशा वेळी आपण चटकन चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा देतो. पण रुग्ण व्होग्लिबोज किंवा अकार्बोजवर असेल तर ती साखर फुटायलाच वेळ लागतो. तिथे थेट ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी लागते. भरपूर शेवाळ खाणाऱ्यालाही मी तीच सांगेन. दुकानातली साधी ग्लुकोजची पुडी घरात असू द्या.

आता ग्रॅमांत तंतू. इसबगोल, मेथीदाणे, शेंगभाज्या, डाळी, मटकी. इसबगोलाने टाइप २ मधुमेहात साखर उतरते याचे पुरावे शेवाळापेक्षा कितीतरी भक्कम आहेत आणि किराणा दुकानात तो मिळतो. जेवणाआधी एक चमचा, मोठा पेलाभर पाण्यातून, फुगायच्या आत प्यायचा. कोरडा तोंडात टाकू नका, घशात अडकतो. आणि गोळ्यांपासून तासा-दोन तासांचं अंतर ठेवा.

आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहे आणि तिचा मला अभिमानही आहे, मंगळवेढ्याच्या मालदांडीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ हा सोलापुरी भ्रम आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. कडक भाकरी पातळ आणि हलकी वाटते म्हणून चार-पाच कुस्करून आमटीत भिजवल्या तर हिशेब कुठे जातो बघा. हुरड्याच्या दिवसांत आकडे का चढतात ते वेगळं सांगायला नको. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत भात जास्त असतो. तिथे मी भात बंद करा म्हणत नाही, कारण कुणी करत नाही. आधी वाटीभर भाजी आणि डाळ संपवा, मग भाताकडे वळा, एवढंच सांगतो. आधी तंतू आणि प्रथिनं, मग पिष्ट, या क्रमाने जेवणानंतरची उसळी कमी होते. फुकट आहे आणि आजच्या रात्रीपासून करता येतं.

तरी मामांचा मान राखायचा म्हणून कॅप्सूल घेऊन बघायचीच असेल, तर आधी टीएसएच, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या आणि अहवाल तुमच्या डॉक्टरांना दाखवा. सगळं ठीक असेल तर गोळ्या जशाच्या तशा चालू ठेवून घरीच बघा. रोज रात्री तेच जेवण: दोन भाकरी, एक भाजी, आमटी. काही दिवस कॅप्सूलशिवाय, काही दिवस कॅप्सूलसह. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा ग्लुकोमीटर लावायचा आणि वहीत लिहायचं. बोट आधी साबणाने धुवा. डाळिंब सोलल्यावर त्याच बोटाचं रक्त घेतलं तर यंत्र भलताच आकडा दाखवतं, डाळिंबवाल्या घरात हे सांगावंच लागतं. आणि २४० चे २२५ झाले म्हणून पेढे वाटू नका. चांगल्या ग्लुकोमीटरलाही शंभराच्या वर पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे व्हायची मुभा असते, म्हणजे २४० ला छत्तीस. पंधराचा फरक यंत्राच्या चुकीतच विरून जातो.

बाटलीवर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का बघा. त्याच्या आसपास बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असायला हवं, पूरक आहारावर ते छापणं बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला ‘मधुमेह मुळापासून बरा’ आणि मागे हे वाक्य असं दिसलं, तर विकणाऱ्याला काय म्हणायचंय ते त्याने स्वतःच लिहून दिलंय. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, त्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. तरी रोज मोबाइलवर अशा जाहिराती येतात, ती गोष्ट वेगळी.

आईंनी कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील तर घाबरू नका. धडधड, हात कापणं, विनाकारण वजन उतरणं किंवा उलट फार सुस्ती आणि पायांना सूज, यातलं काही असेल तर कॅप्सूल थांबवून लगेच टीएसएच करा. काहीच नसेल तरी एकदा कराच, आणि बिघडलेला आला तर बंद केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा. उपाशीपोटीच्या १६८ साठी मात्र त्याआधीच तुमच्या डॉक्टरांकडे जा. मेटफॉर्मिनचा डोस किती आहे, रात्रीचं जेवण किती वाजता होतं आणि जेवल्यावर आई थोडं चालतात का, हे लिहून घेऊन गेलात तर त्यांचंही काम सोपं होईल.